अर्धं छप्पर

त्या घराला दारं दोन, चुली दोन, नळ दोन, पण आढं एकच होतं. मधली भिंत घातली तेव्हा बहीणभावाने सगळं वाटून घेतलं. पातेली वाटली, गाद्या वाटल्या, वडिलांचा तुटक्या काडीचा चष्मा कोणाकडे राहावा यावर अर्धी दुपार घालवली. आढं मात्र वाटता येईना. छपराच्या कण्यासारखं ते आडवं लाकूड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेलं होतं, आणि नवी भिंत वर चढत चढत बरोबर त्याच्या पोटाखाली येऊन थांबली. मग ठरलं, की ज्याने त्याने आपापल्या डोक्यावरचं छप्पर आपण बघायचं. हे ताईनेच ठरवलं होतं.

ताई म्हणजे शिवणवाली ताई. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिने वाढवलं, शिकवलं, ड्रायव्हिंगचं लायसन्स काढून दिलं, शाळेच्या बसवर नोकरीला लावलं, स्वतःच्या लग्नाचं बघायचं राहून गेलं तरी त्याचं धूमधडाक्यात लावून दिलं. आणि वर्षभरात भिंतही तिनेच घालायला लावली. भांडण कशावरून झालं होतं, ते तिघांपैकी कोणालाही आता धड सांगता आलं नसतं. भावजयीने काहीतरी म्हटलं, ताईच्या नाकाला ते झोंबलं, धाकटा मधे तोंडात गुळणी धरून बसला. घरोघरी मातीच्या चुली असतात. इथे चुलीबरोबर गवंडीही आला, एवढंच.

पण ताई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. ती हट्टी होती. हट्टी माणसाला आपण वाईट वागतोय हे कळत नाही, त्याला वाटतं आपण फक्त सरळ उभे आहोत.

ताईचं मशीन खिडकीशी होतं आणि खिडकीवर कौलांचा उतार सर्वांत खाली आलेला. उन्हाळ्यात अकराच्या पुढे ती कौलं तापायची आणि मग सूर्य मावळला तरी तापलेलीच राहायची. मशीनचं लोखंडी पायटं पायाला चटके द्यायचं. घामाने कापड डागाळू नये म्हणून ताई मनगटाला चिंध्या बांधून शिवायची. मग एका वैशाखी दुपारी कुणाच्या तरी पडद्याला गोट लावता लावता ती मशीनवर पडली, ती शेजारपाजाऱ्यांनी उचलेपर्यंत उठली नाही. डॉक्टर तसे थट्टेखोर होते, पण तिची छाती तपासल्यावर त्यांनी थट्टा केली नाही.

"ताई, तुमचं हृदय आता हा उकाडा सहन करणार नाही. असा आणखी एक उन्हाळा त्या कौलांखाली काढायचा नाही. घर बदला."

"घर बदलून जाऊ कुठे? तुमच्याकडे?"

"मग छप्पर बदला," डॉक्टर म्हणाले.

ताईने ते मनावर घेतलं. दर साल पावसाआधी घर शाकारायला, म्हणजे फुटकी कौलं काढून नवी घालायला, जो मिस्त्री यायचा, त्याला तिने बोलावलं. मिस्त्री बोलघेवडा. छपरावर चढला की खालच्या माणसाशी गप्पा मारायचा आणि खाली उतरला की छपराशी. त्याने सगळं समजावून सांगितलं. कौलं उतरवायची. वाशांवर चकचकीत फॉइल अंथरायचं, म्हणजे ऊन वरच्यावर परत जाईल. त्या फॉइलवर उभ्या पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे मधून वारा खेळेल. मग कौलं टेकायला आडव्या रिपा, मग परत कौलं. आणि वाशांच्या खालून पांढऱ्या तक्त्यांचं छत मारून टाकायचं, की वर काय आहे ते दिसायलाच नको.

"उन्हाळ्यात पंखा नाही लावला तरी चालेल असं करून देतो," मिस्त्री म्हणाला. "पण ताई, हे काम अख्ख्या छपराचं आहे. अर्धं छप्पर उचलता येत नाही."

म्हणून ताई पलीकडच्या दारात गेली. किती वर्षांनी गेली ते तिचं तिलाच ठाऊक. धाकटा बस घेऊन गेला होता. भावजय कपडे वाळत घालत होती. ताईने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं, की असं असं करायचंय, दोघांचं मिळून झालं तर बरं.

"यंदा नाही जमायचं, वन्सं," भावजय म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू ना."

बोलणं साधं होतं. खरोखरच जमण्यासारखं नसेल. पण ताईने ते ऐकलं ते डॉक्टरांचं बोलणं कानात ठेवून. मी पुढचं वर्ष बघत नाही म्हणून हिला सांगावं, तर ती दया करेल. न सांगावं, तर ही अशी उभी. ताई म्हणाली, "राहू दे," आणि घरी येऊन मिस्त्रीला म्हणाली, "माझ्यापुरतं करा."

मिस्त्रीने काम छान केलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण शेवटच्या दिवशी तो भिंतीच्या वरच्या भागात बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि मग त्याने हाक मारली.

"ताई, तुमची बाजू आता चार बोटं वर आली. पलीकडची आहे तिथेच. मधे पायरी झालीय. पाणी या पायरीत शिरणार."

"मग पत्रा घाला."

"घालतो ना. पण नीट घालायचा तर पलीकडची कौलांची एक ओळ उचलून तिच्याखाली पन्हळ बसवावी लागेल. म्हणजे पाणी सरळ वळचणीला जाईल. फार काम नाही. फक्त पलीकडे विचारायला पाहिजे."

ताई खाली अंगणात उभी होती, डोळ्यांवर हात धरून. पुन्हा जाऊन त्या दारात उभं राहायचं? परवाच तर तोंड पोळून आली होती.

"आणि नाही विचारलं तर?"

"तर पत्रा नुसता वरून वाकवून सोडतो. तुमच्याकडे थेंब येणार नाही."

"आणि तिकडे?"

मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने कान खाजवला. "पाणी कुठेतरी जाणारच ना, ताई."

 त्या क्षणी ताई 'थांबा, विचारून येते' म्हणाली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पलीकडे भावजय घरातच होती, भांडी घासत होती. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं.

"त्यांचं छप्पर त्यांनी बघावं," ताई म्हणाली. "ठरलंय तसं."

मिस्त्रीने पत्रा वाकवून सोडला.

त्या उरलेल्या उन्हाळ्यात ताई पहिल्यांदा भर दुपारी गुणगुणत शिवत होती. खोली गार म्हणजे थंडगार नव्हे, पण माणसात आल्यासारखी झाली होती. गिऱ्हाइकं यायची आणि टेकायची. "ताई, तुमच्याकडे बसवतंय हो," म्हणायची. ताई मान वर करून पांढऱ्या छताकडे अशी बघायची, जशी काही तिनेच ते पोटातून काढलं होतं. हे सुख खोटं नव्हतं. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईने जरा मिरवलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते पावसाळ्यात. एके दिवशी पाऊस जरा तिरपा झाला आणि भिंतीपलीकडून आवाज आला, टप्प. मग थोड्या वेळाने पुन्हा टप्प. मग एक पातेलं फरशीवर सरकवल्याचा आवाज. ताईचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. ते मोठं, काठ चेपलेलं पातेलं होतं. वाटणीत तिनेच ते तिकडे दिलं होतं, आणि त्यात पाणी पडल्यावर कसं वाजतं ते ती झोपेतसुद्धा ओळखू शकली असती. मग दुसरं भांडं ठेवलं गेलं. मग बादली. आठवडाभरात पलीकडे सगळा संसार जमिनीवर मांडला गेला आणि भिंतीच्या कडेने दिवसभर वाजत राहिला. ताईने रेडिओ लावला. पाऊस वाढला तसा रेडिओही वाढवला.

ती वाट बघत होती, की धाकटा येईल आणि भांडेल. उत्तर तयार होतं. 'ठरलंय तसं' या दोन शब्दांना तिने इतकी धार लावून ठेवली होती, की नुसता तो दारात आला असता तरी कापला गेला असता. पण कोणी आलंच नाही.

मग पावसाने उघडीप दिली त्या दिवशी शिडीचा आवाज आला. शिडी सामाईक होती आणि ताईच्या वळचणीखाली असायची. धाकटा ती घेऊन गेला, वर चढला. ताईने खिडकीतून वाकून पाहिलं तर त्याच्या पोटऱ्या दिसल्या, ओल्या शेवाळावर जपून टेकवलेले पाय दिसले. लहानपणी पडेल म्हणून तिने त्याला कधी साध्या झाडावर चढू दिलं नव्हतं. वर तो बरोबर मधल्या भिंतीपाशी थांबला. पत्रा हाताने उचलून पाहिल्याचा कुरकुर आवाज झाला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. ताईचं हृदय असं धडधडायला लागलं, की डॉक्टरांचे शब्द आठवावे. आता कळलं त्याला. आता उतरेल आणि येईल.

तो उतरला, शिडी घेऊन आला, वळचणीखाली नीट आडवी ठेवली.

"ताई, शिडी ठेवलीय," तो म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली.

बस्स, एवढंच. तो गेला. पत्रा होता तसाच राहिला आणि त्या संध्याकाळी पुन्हा पातेलं वाजलं. ताईने स्वतःची समजूत घातली, की त्याला पत्र्यातलं काही कळलं नसेल. गाडीचं इंजिन कळणं वेगळं, छप्पर कळणं वेगळं. अशी समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत; माणसाला आपल्या सोयीचं पटकन पटतं.

पुढच्या पावसाळ्यात मधली भिंत ताईच्या बाजूनेही पोपडे धरू लागली. तिने आपल्या बाजूने पाणी न धरणारा रंग मारून घेतला. भिंत पुन्हा पांढरीशुभ्र झाली. ओल मग जिकडून आली तिकडेच परत गेली. पलीकडे आता पावसाळा संपला तरी कुबट वास जायचा नाही. तो त्यांच्या दारातून ताईच्या दारात यायचा. भावजय गाद्या उन्हात घालायची आणि त्या झटकताना खोकायची. आधी गाद्या झटकतानाच खोकायची, मग एरवीही. हिवाळ्यात तिचा खोकला भिंतीतून इतका स्पष्ट ऐकू यायचा, की ताई दचकून माप चुकायची. एकदा तर ताई उठून दारापर्यंत गेली. जाऊन सांगावं, की मिस्त्रीला बोलावते, पन्हळ बसवून घेऊ, चुकलं माझं. पायात चपलाही घातल्या. मग वाटलं, आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. जितका उशीर होत होता तितकं सांगायचं वाढत होतं. तिने चपला काढल्या. एवढी एक गोष्ट तिला जमली असती तर काहीतरी वाचलं असतं, असं मला अजून वाटतं. पण मला वाटून काय उपयोग!

तिसऱ्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, भावजय ताईच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"वन्सं, आम्ही जातोय. यांच्या शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्यात, स्लॅबच्या. डॉक्टर म्हणाले, मला या ओलीत ठेवू नका." आणि मग खोकला आवरत, "तुम्हाला सांगून जावं म्हटलं."

 ताई तशीच तिच्या मागोमाग पलीकडे गेली, आत गेली. भिंत बघितली. तिच्या बाजूने शुभ्र असलेली ती भिंत इथे वरपासून खालपर्यंत हिरवी, काळी, जागोजाग सुटलेली होती आणि मातीच्या बारीक नळ्या तिच्यावरून वर चढत गेल्या होत्या. वाळवी. पलंग भिंतीपासून सरकवत सरकवत दारापाशी आणलेला. दोन पावसाळे ही दोघं अर्ध्या खोलीत राहत होती. धाकटा खोकी दोरीने आवळत होता.

"तो पत्रा मी तसा सोडायला लावला," ताई एका दमात म्हणाली. "मिस्त्री म्हणाला होता, विचारून या. मी विचारलं नाही. सगळं माझ्यामुळे झालं."

धाकट्याने गाठ मारली. "माहितेय."

"कधीपासून?"

"वर चढलो तेव्हाच. पत्रा बघितल्यावर कोणालाही कळेल."

"मग वळवला का नाहीस? भांडला का नाहीस माझ्याशी? अरे, येऊन थोबाडीत मारायची होतीस!"

"तिकडे वळवला असता तर पाणी तुझ्या मशीनवर पडलं असतं," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. दिवसभर बस चालवून आलेला माणूस थांबे सांगतो तसा तो बोलत होता. "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तुझं. पन्हळ बसवायची तरी तुझा पत्रा उचलावा लागला असता, आणि तुझं छप्पर उघडायला नको होतं. मग म्हटलं, आज नाही तर उद्या तूच म्हणशील, नीट करून घेऊ. तू म्हणशील म्हणून थांबलो, आणि मग थांबायची सवय झाली."

भावजय खाली मान घालून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिला हे सगळं माहीत होतं आणि तीही गप्प राहिली होती, हे ताईला तिच्या मानेकडे बघून कळलं. ताईला रडू आलं. पण कोणी तिची समजूत घातली नाही, आणि ती तरी कोणत्या तोंडाने अपेक्षा करणार.

"नका जाऊ," ती म्हणाली. "आजच्या आज मिस्त्रीला बोलावते. अख्खं छप्पर करून घेऊ. माझं मशीन विकते."

मिस्त्री आला. त्याने भिंतीच्या माथ्यावर जिथे आढं टेकलं होतं तिथे स्क्रू ड्रायव्हर लावला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्रीच्या तोंडून पहिल्यांदाच एकही शब्द निघाला नाही. मग तो ताईच्या बाजूला आला, पांढऱ्या छताचा एक तक्ता खोलला. भुशासारखा चुरा भसाभस मशीनवर, कापडावर, अर्धवट शिवलेल्या पडद्यावर पडला. वरचं आढं बाहेरून लाकूड दिसत होतं. बोट लावलं की भिजलेल्या बिस्किटासारखं तुटत होतं. इतके दिवस ताई या छताखाली अभिमानाने बसत होती.

"झाकलेलं होतं, म्हणून कळलं नाही," मिस्त्री म्हणाला.

"आता?"

"आता नवं आढं. म्हणजे दोन्ही छपरं उतरवून, भिंतींपासून. पावसाआधी तर शक्यच नाही." त्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू? हे घर गेलं, ताई. तुम्हीपण बघा कुठे."

ताईने भावाकडे पाहिलं. भावाने बायकोकडे पाहिलं. भावजयीने गुंडाळलेलं भांडं खोक्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं. दोन खोल्या, दोन माणसं. 'ताई, तू चल,' असं म्हणायला तिथे कोणाचीच मनाई नव्हती. कोणी म्हणालं नाही. ताईनेही 'येऊ का' असं विचारलं नाही. तेवढी लाज तिला उरली होती.

"एक पावसाळा तरी निघेल असं काही होणार नाही?" तिने मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीने दोन्हीकडचं छप्पर डोळ्यांनी तोललं. "तुमच्या बाजूला टेकू देऊन बघता येईल. पण मग आढ्यावरचं ओझं कमी करावं लागेल." तो धाकट्याकडे न बघता म्हणाला, "पलीकडची कौलं सगळी उतरवावी लागतील. रिपा, वासे सगळं."

म्हणजे धाकट्याचं घर उघडं टाकायचं. मग त्या भिंतींवर सरळ पाऊस पडणार, आणि परत यायचं म्हटलं तरी परत यायला काही राहणार नाही. 

"उतरवा," धाकटा म्हणाला. खोकं उचललं आणि बाहेर टेम्पोत नेऊन ठेवलं.

ते गेले तेव्हा ताई दारात उभी होती. भावजय पाया पडायला वाकली आणि खोकल्याने मधेच अडली. धाकटा म्हणाला, "गोळ्या वेळेवर घे." टेम्पो वळला. नंतर कधीतरी भेटायला येईन, असं म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने धाकट्याच्या छपराची कौलं उतरवली. दुपार झाली तोवर ती खोली आभाळाखाली आली होती. हिरव्या काळ्या भिंतीवर इतक्या वर्षांनी ऊन पडलं होतं आणि पलंगाच्या पायांच्या खुणा फरशीवर स्पष्ट दिसत होत्या. ताई त्या उन्हात मधोमध उभी होती. डॉक्टरांनी मनाई केलेलं ऊन तिला लागत होतं, पण हलावंसं वाटत नव्हतं.

"ताई, ही कौलं बरीचशी धड आहेत हो," मिस्त्रीने अंगणातून विचारलं. "काय करू? भावाकडे पाठवू? की टाकून देऊ?"

"त्याला स्लॅब आहे," ताई म्हणाली. "माझ्या भिंतीशी रचून ठेवा. माझी फुटली तर लागतील."

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. मिस्त्रीनेही ऐकलं. वाकून कौलं उचलायला लागला. ताई होती तिथेच, भावाच्या उघड्या फरशीवर, खाली बसली.